पट्ट्यापट्ट्यांची वजरी

"ताईऽऽ! वजरीला पट्टे आहेत!"

न्हाणीघरातून शिवांश ओरडला आणि पाठोपाठ बादली आडवी झाल्याचा आवाज आला.

"आधी घसरू नकोस!" शिवांजली धावली. धाकटा भाऊ न्हाणीत असला की तिचा एक कान कायम तिकडेच असायचा. "आणि टाच घासायच्या दगडाला कसले रे पट्टे?"

"बघ की मग!"

उन्हाळ्याच्या सुट्टीत ही दोघं कोल्हापुरातून गडमुडशिंगीला बसव्वा आत्याकडे आली होती. आत्या वजरीला फार जपायची. शिवांजलीनं ती पाण्याखाली धरली. तळहाताएवढा तपकिरी तुकडा, आणि त्याच्या अंगावर धुण्याच्या फळीसारख्या पांढुरक्या, नागमोडी कडा. एकीला लागून दुसरी.

तिनं कडांवरून बोट फिरवलं. "शिवू, हा दगड नाही. दाढ आहे ही! हत्तीची!"

"ईऽऽ! आत्या हत्तीच्या दाढेनं पाय घासते?"

"काय गोंधळ हाय रं सकाळी सकाळी?" बसव्वा आत्या पदर खोचत आली. "आण ती वजरी हिकडं. टाच बघ माझी, आरशासारखी झालीया!"

"आत्या, कुठं मिळाली तुला?"

"हंबीररावांच्या वीटभट्टीवर. ताक घालायला गेलते न्हवं, तवा उचलली. ढीग पडलाय तिथं असल्या खड्यांचा."

शेजारचा आदर्श तेवढ्यात भिंतीवरून उडी मारून आलाच. हंबीरराव त्याचे थोरले चुलते. सगळा गाव त्यांना आबा म्हणायचा.

"आमच्या भट्टीवर हत्ती?" तो हसून हसून वाकला. "विटा वाहायला होता काय?"

"हस, हस!" शिवांजली म्हणाली. "तुझे आबा जन्मायच्या हजारो वर्षं आधी तुमच्या मळीच्या रानात हत्ती चरत होते."

तिला हे कळायला कारण होतं. पुण्याच्या प्रियदर्शनी मॅडम हिवाळ्यात तिच्या शाळेत आल्या होत्या. त्या जीवाश्मांच्या अभ्यासक, म्हणजे दगड होऊन राहिलेली जुनी हाडं वाचणाऱ्या. त्यांनी अशीच एक दाढ सगळ्यांच्या हातात दिली होती. तेव्हापासून शिवांजलीनं कपाटाचं दार कात्रणांनी भरून टाकलं होतं. या वर्षात तर बातम्यांचा पाऊसच होता. कुठं वाळवंटात नवा प्राणी, कुठं बर्फाखाली, कुठं खाणीत! प्रत्येकाला नवं नाव मिळायचं, आणि त्या नावात कुणाच्या तरी गावाचं, नदीचं नाव असायचं.

"मॅडम म्हणाल्या होत्या, नाव मिळालं की तो प्राणी जगाच्या पटावर लागतो," शिवांजली म्हणाली. "वर्गातल्या हजेरीसारखा. आपल्या पंचगंगेचं नाव नाही अजून त्या पटावर."

"मग लावू की!" शिवांश टॉवेलमधूनच म्हणाला.

*

भट्टीवर पोरांना मज्जाव होता. मुकादम मल्लेश काठी घेऊनच बसायचा. आदर्शनं युक्ती काढली.

"मल्लेशमामा, आत्यानं ताक पाठवलंय!"

"आज लौकर?"

"ऊन वाढलंय की! मीठ-जिरं घातलंय बघा."

मल्लेशनं तांब्या तोंडाला लावला, मिशी पुसली आणि लिंबाच्या सावलीत टेकला. थोड्याच वेळात टोपी तोंडावर आली आणि घोरणं सुरू झालं.

"ताकाचा महिमा!" आदर्श कुजबुजला. "चला!"

नदीकाठची काळी माती जेसीबीनं खरवडून खोल खड्डा झाला होता. मातीत कडक खडा राहिला तर वीट भाजताना तडकते, म्हणून खडे वेचून बाजूला फेकले होते. त्या ढिगात किती तरी तुकडे हाडांचे होते! शिवांजली मात्र ढिगाकडे बघत नव्हती. खड्ड्याच्या उभ्या भिंतीकडे बघत होती.

"शिवू, कडेला जायचं नाही! माझा हात धर."

भिंतीतून बैलगाडीच्या जोखडाएवढं काही तरी बाहेर आलं होतं. वाकडं, जाड. त्यात रुतलेली अख्खी दाढ. तसेच पट्टे. मागं बरगड्यांच्या कमानी मातीत शिरलेल्या. आणि शेजारीच जेसीबीच्या दातांचे ताजे ओरखडे.

"जबडा..." शिवांजली पुटपुटली. शिवांशनं बोटांवर पट्टे मोजले. आदर्शनंसुद्धा!

शिवांजलीनं सोबत आणलेल्या आत्याच्या फोनवर फोटो काढले आणि मॅडमनी शाळेत दिलेल्या नंबरावर पाठवले. घरी पोचेपर्यंत मॅडमचा फोन आला.

"बाळांनो, हात लावला नाहीत ना? शाब्बास! पट्टे मला जरा वेगळे वाटतायत. माहीत असलेल्या हत्तींसारखे नाहीत. कदाचित... नाही, आत्ताच नको बोलायला. जबडा जागेवर हवा. तो कुठल्या थरात, कसा पडलाय, सगळं बघावं लागतं. परवा सकाळी पोचते मी. तोवर खोदकाम थांबवायला मालकांना सांगाल?"

"सांगतो!" तिघंही एकदम ओरडली.

*

वाटेत शिवांजली भाषण पाठ करत होती.

"हाडं सापडलीत म्हण की सरळ," आदर्श म्हणाला.

"हाडं काय? कुत्र्याला घालतात ती हाडं. मोठ्या माणसांसमोर नीट शब्द वापरावेत."

हंबीररावांच्या सोप्यात पितळी झोपाळा होता. ते बशीतून चहा पीत होते. आवाज मोठा, माणूस देवभोळा. शिवांजली ताठ उभी राहिली.

"आबा, आपल्या भट्टीच्या जमिनीत अतिप्राचीन अस्थी सापडल्या आहेत!"

बशी हवेतच थांबली.

"अस्थी?"

"हो आबा. हजारो वर्षांपूर्वीच्या. आम्ही डोळ्यांनी बघितल्या."

"आन् आजवर तशाच पडल्यात? उघड्यावर?"

"कुणी लक्षच दिलं नाही. जेसीबी लागला तर चुरा होईल. कृपा करून खोदकाम थांबवा."

आबांनी बशी खाली ठेवली. दोन्ही कानांना हात लावले. "अरारा! आन् मी त्या मातीच्या विटा लोकांच्या घराला घालतोय! पोरी, बरं झालं सांगितलंस. जेसीबी आत्ता बंद करतो. त्यांची सगळी येवस्था मी सोता बघतो. तू काळजी करू नगंस."

त्यांनी खरोखर तिथल्या तिथं मल्लेशला फोन लावला!

बाहेर येताच आदर्शनं शिट्टी मारली. "जिंकलो! आबा एवढ्या लवकर माझ्या बाबांचंपण ऐकत नाहीत!"

"बघितलंस? शब्द नीट वापरला की माणसं ऐकतात," शिवांजली म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच तिला हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आत्यानं तिघांना घराबाहेर सोडलंच नाही. ऊन मरणाचं होतं. आणि जेसीबी तर बंदच होता. मग घाई कसली?

*

मॅडम आल्या. कान झाकणारी उन्हाची टोपी, खांद्याला पिशवी, हातात छोटे ब्रश. पोरं त्यांच्या पुढं पळत खड्ड्यापाशी पोचली आणि थांबली.

भिंत मोकळी होती.

जबडा होता तिथं खोबण होती, कुदळीनं उकरलेली. खाली शेणाचा सडा, हळद-कुंकू, झेंडूची फुलं, विझलेली पणती. खड्यांचा ढीगसुद्धा झाडून नेलेला.

"चोरी!" शिवांश किंचाळला. "ताई, चोरी झाली!"

"चोर पणती लावतो का?" आदर्श खाली वाकला. "थांबा. हे बघा, ट्रॅक्टरची चाकं. फुलं पण तिकडंच सांडलीत. नदीकडं."

शिवांजलीला झाडाखाली घण दिसला. त्याच्या तोंडाला पांढरी पूड लागली होती. तिनं बोट लावून बघितलं, आणि ते बोट तिला कुठं पुसावं ते कळेना.

"मल्लेशमामा," ती हळूच म्हणाली, "या घणानं काय फोडलं?"

मल्लेशनं नजर चुकवली नाही. चुकवण्यासारखं त्याला काही वाटतच नव्हतं. "अस्थीच की. आबांनी काल भटजी आणला. लई मोठाल्या हुत्या, पोत्यात मावंनात. मग बारीक केल्या. संगमावर जाऊन सोडल्या. सगळं रीतीनं केलं बघ. आबांनी दिवसभर उपास धरला."

मॅडमनी ब्रश परत पिशवीत ठेवले. एकेक करून.

तेवढ्यात मोटारसायकलवरून आबाच आले. कपाळाला गंध, चेहरा प्रसन्न. "या पावणं, या! चहा झाला का न्हाय?"

"आबा!" शिवांजलीचा आवाज फुटला. "ती माणसाची नव्हती! हत्तीची होती! तुम्ही ती फोडलीत!"

"आगं, हत्ती असू दे न्हाय तर मुंगी. जीव त्यो जीव. अस्थी म्हटल्यावर पाण्यात सोडायच्या, आनि काय करायचं?" आबा खरंच गोंधळले होते. "तूच म्हनलीस की, पोरी. हाडं म्हनली असतीस तर मी बी राहू दिली असती. हाडं काय, रानात पडत्यातच."

आदर्शनं शिवांजलीकडं बघितलं आणि पटकन मान वळवली.

"नदीत शोधता येईल ना?" शिवांशनं मॅडमची ओढणी ओढली. "मला पोहता येतं!"

"नाही रे राजा. तू पाण्यात उतरायचं नाहीस. भुगा झालाय त्यांचा. भुग्याला आकार नसतो."

मग घरी येऊन त्यांनी वजरी मागितली. आत्यानं नाखुशीनं दिली. मॅडमनी भिंगातून किती तरी वेळ बघितलं. चेहरा उजळला आणि पुन्हा विझला.

"वेगळी आहे. नक्की वेगळी आहे. पण अर्ध्या कडा झिजल्यात. फोटो आहेत, पण फोटोवर मोजमाप धरत नाहीत. एका झिजलेल्या तुकड्यावर नवं नाव देता येत नाही, शिवांजली. जबडा असता तर..."

"माझ्या टाचांनी झिजवली व्हय?" बसव्वा आत्या खाली बसली. "आगं आई गं! मला काय ठावं!"

मॅडमनी वजरी कापसात गुंडाळून डबीत ठेवली आणि वर चिठ्ठी चिकटवली. गाव लिहिलं, नदी लिहिली, शोधणारा म्हणून शिवांशचं नाव लिहिलं. प्राण्याच्या नावासमोरची जागा कोरी सोडली.

*

संध्याकाळी देवळासमोर सत्कार होता. आबांनी फलकसुद्धा छापून घेतला होता. त्यावर तिघांचे फोटो आणि ठळक अक्षरांत नावं.

"या लेकरांमुळं," आबा माइकवर गरजले, "हजारो वर्सं अडकलेल्या जिवाला गती मिळाली! शिकलेली पोरं हायत, पन रीत इसरली न्हाईत!"

टाळ्या! शाल, नारळ, पेढे. म्हाताऱ्या बायकांनी कानशिलावर बोटं मोडली.

"दोन शब्द बोल, बाळ."

शिवांजलीनं माइक धरला. समोर सगळं गाव कौतुकानं बघत होतं. "आमचं चुकलं," ती म्हणाली. "तो प्राणी आता कुणालाच कळणार नाही."

आबांनी डोळे टिपले. "बघा, किती इनय!" आणि टाळ्या आधीपेक्षा जोरात वाजल्या.

परतताना शिवांश नारळ छातीशी धरून चालत होता. "ताई, पटावर त्याची गैरहजेरी तरी लागेल ना?"

"नाही शिवू. गैरहजेरी लागायलासुद्धा पटावर नाव असावं लागतं."

सकाळी नदीकडून घरघर ऐकू आली. शिवांजली अंगणातल्या अंथरुणात उठून बसली. भिंतीपलीकडून आदर्शचं डोकं वर आलं.

"जेसीबी! शांत झाली म्हणे जमीन. आबांनी काम सुरू केलंय."

"बरगड्या खूप आत गेल्या होत्या. काही अजून तिथंच असतील," शिवांजली म्हणाली. तिनं फोन घेतला, भावाची टोपी घेतली, पाण्याची बाटली भरली. "सायकल काढ. आधी आबांच्या घरी."

"आणि आता काय म्हणणार त्यांना?"

शिवांजली चपला घालत होती. मान वर न करता ती म्हणाली, "हाडं. नुसती हाडं."