आजोळची बारव

केशव बदनापूरच्या स्टेशनावर उतरला तो सरकारी कामासाठी. निजाम सरकारच्या पुराणवस्तू खात्यात तो सर्व्हेअर होता. नव्या पुलाला दगड हवे होते, आणि ते एका उजाड वाडीतल्या जुन्या बारवेचे काढावेत, असं तालुक्याच्या अंमलदारांचं म्हणणं होतं. बारव राखायची की मोडायची, हे केशवच्या अहवालावर ठरणार होतं.

वाडी त्याच्या आजोळची. लहानपणी सगुणामावशी त्याला याच बारवेवर न्हाऊ घालायची. शिकेकाईचा वास, ओल्या दगडांचा गारवा, बायकांचं हसणं... मानमोडीच्या साथीत मावशी गेली, तिच्यामागोमाग सारी वाडीच उठली. पुढं बारवही आटली.

गाडीवान कडूबा वरच थांबला. "म्या न्हाई येत खाली, साहेब. दिस कलला की तिथं... जाऊ द्या. जल्दी उरका."

केशव टेप घेऊन एकटाच उतरला. वरच्या पायऱ्या उन्हानं तापलेल्या, पण खाली जावं तसा गारवा वाढत गेला. तळाशी वाळका पाला, पारव्यांची फडफड. टेपचं टोक देवळीतल्या दगडाखाली दाबून तो फीत सोडत समोरच्या भिंतीकडे गेला. ओढली, तर टोक निसटलं. पुन्हा दाबलं, पुन्हा निसटलं. मग मात्र फीत एकदम ताठ झाली.

कडूबाला दया आली म्हणायची! पाठमोऱ्यानंच केशव म्हणाला, "घट्ट धर."

"धरलंय..."

आवाज बाईचा होता.

केशवची पेन्सिल थांबली. त्या कोरड्या तळातून शिकेकाईचा ओला वास आला.

"लै वाळलास रं, केशा... जेवलास का?"

वळून बघावं असं फार वाटलं. पण मान वळेना. 

"जेवलो," तो कसाबसा म्हणाला. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

फीत सैल पडली.

वर कडूबा गाडीच्या सावलीत बिडी ओढत होता. "म्या? म्या तर हितनं हाललोबी न्हाई."

केशवनं अहवालात लिहिलं, बारव राखावी. अंमलदार चिडले, केशवची बढती अडली. पण तो मागं हटला नाही. शेवटी हैदराबादेहून हुकूम आला, बारव वाचली. डागडुजीला पुंजाराम मुकादम माणसं घेऊन गेला.

काम उरकून तो औरंगाबादच्या कचेरीत आला, तेव्हा केशव दौऱ्यावरून घरी न जाता थेट तिथंच पोचला होता.

"काम बराबर झालं, साहेब. फकस्त... रोज दुपारी आमी भाकर सोडली की खालून एक बाई इचारायची, केशा जेवला का? आमी म्हनायचो, जेवला. मंग गप व्हायची. काल एक गडी वैतागून बोलून गेला, केशा औरंगाबादेत ऱ्हातो, तितं जाऊन इचार. तवापासून आवाजच न्हाई."

केशव तसाच उठून घरी निघाला. बायकोनं, उमानं, दार उघडलं. हाताला पीठ, चेहऱ्यावर हसू.

"बरं झालं आलात," ती हळूच म्हणाली. "सगुणामावशी सकाळपासून तुमच्यासाठी जेवायच्या थांबल्यात... आणि अहो, लुगडं ओलंचिंब आहे त्यांचं. ऊन एवढं, पण सुकतच नाही बघा."