हौसाचं हसू

गिरणीत दळणाचे डबे नंबराला लावावेत तशी लोकांनी आपापली चित्रं कोल्हापुरातल्या त्या कलामंडळाच्या व्हरांड्यात ओळीनं लावली होती. आत भावमापी नावाचं यंत्र बसवल्यापासून हे रोजचंच झालं होतं. यंत्रं मिनिटाला शंभर चित्रं पाडू लागली, तेव्हा कोणत्या चित्रामागे माणसाची नजर आहे हे ठरवायला मंडळानं आणखी एक यंत्रच आणलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय!

त्या ओळीत गडहिंग्लजचे फोटोग्राफर तात्या मिठारी एक जुनी निगेटिव्ह रुमालात गुंडाळून बसले होते. वय ब्याऐंशी. तरुणपणी ते याच मंडळात फोटो घेऊन आले होते. "बटण दाबून कला होत असेल, तर दिवा लावणारा वायरमनही कलावंत," असं तेव्हाचे अध्यक्ष सगळ्यांदेखत म्हणाले आणि लोक हसले. ते बोलणं तात्यांच्या जिव्हारी लागलं होतं. फोटो ही कला आहे असं याच मंडळाकडून ऐकायचं आणि मगच डोळे मिटायचे, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

नंबर आला. परीक्षक रेवती मगदूम यांनी निगेटिव्ह काचेवर ठेवली आणि पडद्यावर एक बाई उमटली. उंबऱ्यात बसून शेंगा फोडणारी, हसरी.

"माझी मंडळी, हौसा," तात्या म्हणाले. "पोटात गाठ होती. फोटो काढला तवा ठावं नव्हतं, आम्हाला कळलं तवा उशीर झाल्ता. ह्या फोटोनंतर बाविसाव्या दिवशी गेली. पर बघा, किती निवांत बसलीया. तिला तरास झाला न्हाई, एवढंच माझं समाधान."

भावमापी चेहऱ्याच्या स्नायूंवरचा ताण, डोळ्यांतल्या बाहुल्यांचा आकार आणि बोटांची पकड मोजत असे. माणूस दाखवतोय काय आणि सोसतोय काय, हे त्यावरून त्याला कळे. हौसाच्या जबड्यावर एक तांबडा डाग उमटला. मग गळ्यावर, मग मुठीवर. खाली अक्षरं आली : वेदना तीव्र, प्रयत्नपूर्वक दडवलेली.

मगदूमबाईंचे डोळे चमकले. "तात्या, अभिनंदन! मंडळानं स्वीकारलेला हा पहिला फोटो. हसण्याखालची एवढी कळ तुम्ही अचूक टिपलीत. अहो, याहून वेगळी कला ती काय असते?" त्यांनी एक कागद पुढे केला. त्यावर छापलं होतं : 'मला हे दिसले, म्हणून मी टिपले.' "इथं सही करा."

तात्यांनी पेन हातात घेतलं, पण त्यांची नजर पडद्यावरून हलेना. हौसाच्या मुठीत शेंग होती, पण हौसा ती फोडत नव्हती. तिनं ती शेंग नुसती आवळून धरली होती. अडतीस वर्षं हा फोटो त्यांच्या उशापाशी होता आणि इतक्या वर्षांत त्यांनी ती मूठ पाहिलीच नव्हती.

"तुम्हाला दिसलं होतं ना, तात्या?" बाईंनी आता जरा हलक्या आवाजात विचारलं.

"तोंड आवळून बसल्ती," तात्या म्हणाले. "मला वाटलं, रुसलीया. रोलमधला शेवटचा फोटो हुता. मी म्हटलं, 'हस की जरा, वाया घालवू नगंस.' मग हसली."

बाई कागद मागे न घेता म्हणाल्या, "तुम्हाला दिसलं नाही, तरी फोटोत ते आलंय ना तात्या. अध्यक्षांना मी सांगेन. कदाचित कला अशीच..."

"कला ऱ्हाऊ द्या, बाई." तात्यांनी पेन टेबलावर ठेवलं. बोट त्यांनी हौसाच्या ओठांपाशी नेलं, पण पडद्याला लावलं नाही. "तुमच्या यंत्राला एवढं इचारा की... ह्या हसण्याखाली माझ्यावरचा राग किती हुता?"