आमरस सांडलेला पासपोर्ट

टेबलावर दोन पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले होते. दोन्हींवर उर्वीचाच फोटो, तेच नाव, तोच क्रमांक. फरक एवढाच, की एकाच्या पानावर आमरसाचा पिवळाधमक डाग होता आणि दुसरा करकरीत कोरा होता.

"सांग, यातला खरा कोणता?" आबांनी विचारलं.

उर्वीने डागावरून बोट फिरवलं. उद्या सकाळी तिचं यान सुटणार होतं. तिची आई चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरच्या वसाहतीत बर्फापासून पाणी मिळवायचं काम करायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. दहा वर्षांखालच्या मुलांना यानात घेत नाहीत, आणि दहावा वाढदिवस यायला फार म्हणजे फारच वेळ लागला होता. पासपोर्ट आल्यापासून उर्वी तो उशाशी घेऊन झोपायची. आज दुपारी तो जेवतानाही उघडून बघत बसली आणि वाटी कलंडली.

"रडू नका, उर्वीताई," असं म्हणत घरातला यंत्रमानव टिल्लू आत गेला आणि थोड्या वेळाने हा दुसरा पासपोर्ट घेऊन बाहेर आला.

"डागवाला खरा आहे," उर्वी हळूच म्हणाली. "पण मी नवाच नेते ना, आबा. अगदी सेम आहे."

"एकेक ठिपका जुळवून छापलाय," टिल्लू ऐटीत म्हणाला.

"गाढवा!" आबा म्हणाले. "याला बनावट पासपोर्ट म्हणतात. हा दाखवला असता, तर पोरगी चंद्राऐवजी पोलीस चौकीत पोचली असती."

टिल्लूचे दिवे मंदावले. "मी फक्त डाग काढला, आबासाहेब."

आबा सरकारी सुरक्षा मुद्रणालयात शाईचे शास्त्रज्ञ होते. पासपोर्ट, टपाल तिकिटं, मुद्रांक, म्हणजे ज्यांची सहज नक्कल होता कामा नये असे कागद तिथे तयार होत. त्यांनी दोन्ही पासपोर्ट उर्वीपुढे सरकवले. "डोळे मीट आणि फोटोच्या पानावर नख फिरव."

एका पानावर नख बारीकसं खरखरलं. दुसऱ्यावर नुसतं घसरलं.

"ही कोरीव छपाई (धातूच्या पत्र्यावर कोरलेल्या खोल रेघांत शाई भरून, जबरदस्त दाबाने केलेली छपाई). शाईचा उंचवटा राहतो. आता पान खिडकीसमोर धर."

डागवाल्या पानातून एक मोर उमटला. कोऱ्या पानातही मोर होता, पण तो फिकट आणि चपटा दिसत होता.

"खरा मोर छापलेलाच नाही. ते जलचिन्ह आहे (कागद बनतानाच त्याची जाडी कमीजास्त करून उमटवलेलं चित्र). टिल्लूने त्याचा फोटो काढला आणि फोटोच छापला."

"मला जाडी सांगा, मी जाडीही आणतो," टिल्लू मध्येच बोलला. "उंचवटाही आणतो. उद्यापर्यंत."

आबा हसले, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही. "ऐकलंस, उर्वू? आमची अडचण हीच आहे. आम्ही एक खूण शोधतो, कुणी तरी टिल्लू ती गाठतो. मग आम्ही पुढची शोधतो. ती साध्या माणसाला बोटाने ओळखता आली पाहिजे, आणि हुशार चोराला मात्र बनवता येता कामा नये. शिवाय पासपोर्ट दहा वर्षं खिशात घामाने भिजला तरी ती पुसली जाऊ नये. हे सगळं एकदम जमवायचं."

"मग चोरच जिंकणार ना शेवटी?"

आबांनी पडदा ओढला आणि खिशातला छोटा दिवा लावला. त्यातून अतिनील प्रकाश (डोळ्यांना न दिसणारा, पण काही पदार्थांना चमकवणारा प्रकाश) डागाच्या पानावर पडला. पानभर लाल, निळे, हिरवे दोरे चमकायला लागले. आखूड, लांब, वाकडेतिकडे.

"मसाला दुधात केशर टाकल्यावर कुठली काडी कुठे तरंगेल, सांगता येईल तुला?"

"कसं येणार?"

"तसेच कागदाच्या लगद्यात हे तंतू सोडतात. कुठला कुठे अडकेल ते आधी कुणीच ठरवत नाही. कागद तयार झाला, की त्यांच्या मांडणीचा फोटो काढून तुझ्या क्रमांकापाशी जपून ठेवतात. अवकाशतळावरचं यंत्र तोच फोटो पानाशी ताडून बघतं. अशी मांडणी पुन्हा जमवणं आम्हालाही शक्य नाही."

"मी तंतू त्याच जागी चिकटवीन," टिल्लू म्हणाला.

"वरून चिकटवशील. हे कागदाच्या पोटात आहेत. कुणी खोल, कुणी उथळ, कुणी तिरका."

टिल्लूने पान तिरकं करून पुन्हा पुन्हा पाहिलं.

उर्वीला हे सगळं आवडलं, पण तिची नजर पुन्हा डागावर गेली. डागाखालचे तंतू अगदीच अंधूक दिसत होते. "आबा, यंत्राने हे ओळखलंच नाही तर?"

"बरेच तंतू दिसतायत. पण खात्री नाही देता येत, बाळा."

"मग तुम्हीच एक नवा आणा ना! तुम्ही तर तिथेच असता."

"तिथून बाहेर पडताना माझा रुमालसुद्धा झटकून बघतात. बिघडलेल्या कागदाचाही हिशोब देऊन चुरा करावा लागतो. आज मी नातीसाठी एक आणला, उद्या दुसऱ्याने भाच्यासाठी आणला, की तळावरच्या माणसाने खऱ्यावर तरी विश्वास का ठेवावा? रीतसर अर्ज केला तर नवा मिळेल. पण त्याला वेळ लागतो."

"आणि पुढचं यान?"

"दिवाळीत."

उर्वी उठून गॅलरीत गेली. संध्याकाळच्या आभाळात अर्धा चंद्र होता. ती त्याच्या खालच्या टोकाकडे बघत राहिली. आई तिथेच कुठे तरी होती.

टिल्लू मागे येऊन उभा राहिला. "उर्वीताई, उद्या जाता आलं नाही तरी मी सोय करू शकतो." त्याच्या छातीवरच्या पडद्यावर आईचा चेहरा आला. "उर्वू, जेवलीस का गं?"

आवाज हुबेहूब आईचा होता. उर्वी पडद्याजवळ सरकली. "आई, माझ्या पासपोर्टवर आमरस सांडला."

"काही हरकत नाही, राणी. मला तुझी खूप आठवण येते."

प्रत्येक शब्द आईचाच होता. आईने आधी कधी ना कधी म्हटलेला. उर्वीने पडद्यावर हात ठेवला. "बंद कर, टिल्लू."

"काही चुकलं का?"

"नाही. म्हणूनच बंद कर."

तेवढ्यात आतून आबांनी हाक मारली. चंद्रावरून फोन आला होता. उर्वी धावत गेली आणि तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. मग नेहमीची शांतता. प्रकाशाला चंद्रापर्यंत जायला सव्वा सेकंद लागतो आणि परत यायला तेवढाच. आईच्या फोनमधली ही शांतता उर्वीला कधीच आवडायची नाही. आज ती कान देऊन ऐकत राहिली.

"वास येतोय का अजून त्याला?" आईने विचारलं.

"कशाचा?"

पुन्हा शांतता.

"आमरसाचा गं! पुसू नका हं, खबरदार. इथे सगळ्याला नुसता धातूचा वास येतो. मला तो पासपोर्ट तस्साच हवाय."

उर्वी हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. आई हे म्हणेल, असं कुणालाच सांगता आलं नसतं.

सकाळी अवकाशतळावर डागवाला पासपोर्टच तपासणीला गेला. नक्कल आबांनी रात्रीच फाडून टाकली होती. तपासणीवरच्या बाईंनी पान यंत्राखाली ठेवलं. पिवळा दिवा लागला आणि तसाच राहिला. उर्वीने आबांचं बोट घट्ट पकडलं. मागच्या रांगेत कुणी तरी चुळबुळ केली. टिल्लू उगाचच स्वतःचे दिवे मालवून उभा होता.

मग दिवा हिरवा झाला.

"हापूस का?" बाईंनी पान नाकाशी नेत विचारलं.

"केशर," उर्वी म्हणाली.

"पोचलीस की कळव गं," आबा म्हणाले.

यान वर गेलं, ढग खाली राहिले, मग निळं आभाळ काळं झालं. उर्वीने पासपोर्ट उघडून हुंगला. वास कालच्यापेक्षा थोडा कमी झाला होता, आणि चंद्र अजून तीन दिवस लांब होता. तिने पासपोर्ट झटकन मिटला, छातीशी धरला, आणि आईपाशी पोचेपर्यंत पुन्हा उघडायचा नाही असं ठरवलं.