मागच्या सीटवर भरलेली ओटी

या, बसा. दाराकडे पाठ करून नका बसू, एवढंच सांगतो. हसू नका रे. ज्याच्यावर हे बेतलं तो वामन माझा शाळासोबती, यवतमाळचा वकील. खोटं बोलायचा तो कोर्टात, घरी कधी नाही.

सन एकसष्टची भाऊबीज. वामन बायकोला, सुहासिनीला घेऊन तिच्या माहेरी नेरला गेला होता. ओवाळणी हे निमित्त, खरं काम गाडी बघण्याचं. घरी लँडमास्टर होती, पण ती वडिलांच्या ताब्यात, आणि वडील सदान्‌कदा पुसदच्या कोर्टात. आदल्या खेपेला सुहासिनीच्या कळा सुरू झाल्या तेव्हा दारात वाहन नव्हतं. टांगा मिळेपर्यंत उशीर झाला आणि बाळ हाती लागलं नाही. आता पुन्हा सातवा महिना. जुनीपुराणी का होईना, दुसरी गाडी दारात हवीच, असं वामनच्या मनानं घेतलं होतं.

नेरच्या एका अडत्याकडे चार दारांची मॉरिस होती. वामननं टायर दाबून बघितले, बॉनेट उघडून इंजिनाला कान लावला, खाली वाकून तेल गळतंय का पाहिलं. खोट सापडेना. भाव मात्र भंगाराचा.

"इतकी स्वस्त काहून देता, शेठ?"

"पोरं म्हणतात नवी घ्या. तुम्ही नेऊन तर पाहा वकीलसाहेब. दोन दिवस फिरवा, मंग बोलू."

स्वस्त माल दिसला की भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते, हा तर नुसता वकील!

दिवेलागणीला दोघं निघाली. आईनं सुहासिनीची ओटी भरली होती, ते तांदूळ, खण, नारळ पिशवीत होते. गाडी झकास चालली होती, वामन शीळ घालत होता. नेर मागं पडलं, अंधार दाटला. तेवढ्यात दिव्यांच्या झोतात कडेला एक बंजारा बाई हात करून उभी दिसली. घागरा, ओढणी आणि पुढं आलेलं पोट.

"थांबवा हो, अवघडलेली आहे," सुहासिनी म्हणाली.

बाई मागं बसली. नाव लाली. पुढच्या फाट्याला तांड्यावर, माहेरी जायचं म्हणाली.

"एकटीच निघालीस?"

"भावासंग निघाली होती, बाई. मधातच राह्यली."

"कितवा महिना?"

"दिवस भरले. पहिलंच हाय."

"मग ओटी भरली ना कुणी?"

मागून बारीक हुंदका ऐकू आला.

सुहासिनीला राहवेना. स्वतः पोटुशी, त्यात भाऊबीज. तिनं मागं वळून खण, नारळ, तांदूळ लालीच्या ओढणीत घातले. "रडू नको. आजपासून माझं घर तुझं माहेर."

मग ती पुन्हा पुढं तोंड करून बसली.

फाटा आला. वामननं गाडी उभी केली.

"उतरा, बाई."

...

दार उघडलं नाही. त्यानं मागं पाहिलं. सीट रिकामी होती. नारळ नाही, खण नाही, तांदळाचा दाणा नाही. आणि वाटेत गाडी कुठं थांबलीच नव्हती.

फाट्यावर कंदील घेऊन एक माणूस उभा होता. तांड्यातला देवसिंग. गाडी पाहून तो मागंच सरला.

"हे गाडी कायले आणली इथं, साहेब?"

वामननं अडखळत सांगितलं. देवसिंगनं कंदील खाली ठेवला.

"माही बहीण. मागच्या भाऊबीजेले शेठची हेच गाडी मागून तिले घरी आणून राह्यलो होतो. रस्त्यातच कळा आल्या, गाडीतच गेली. लेकरू पोटातच..." त्यानं सुहासिनीकडे पाहिलं. "ओटी तुम्ही भरली?"

"हो."

"मंग आता तिचं माहेर तुमचंच घर, बाई. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हते. लाली तुमच्याकडं येईन."

दुसऱ्याच दिवशी मॉरिस नेरला परत गेली. क्लच बरोबर नाही, असं वामननं शेठला सांगितलं. परवडेल अशी दुसरी गाडी काही मिळाली नाही.

पौषातली अमावस्या. मध्यरात्र. लँडमास्टर पुसदला, आणि सुहासिनीला कळा सुरू झाल्या. गल्लीतली सुईण रुपीबाई धावत आली. कळा सोसत सुहासिनी म्हणाली, "अहो, माझ्याशेजारी दुसरी बाज टाका."

"वेड लागलंय का तुला?"

"शब्द दिलाय मी. तिला जागा दिली नाही, तर ती माझी घेईल."

वामननं बाज टाकली, वर धुतलेली गोधडी अंथरली. दार लागलं. तो ओसरीवर बसून राहिला.

कण्हणं ऐकू येत होतं. थांबत होतं. पुन्हा येत होतं. मधूनच वाटायचं... हा आवाज सुहासिनीचा नाही.

मग बाळ रडलं. वामनच्या डोळ्यांना धार लागली. ह्या एका आवाजासाठी त्यानं दोन वर्षं जीव टांगणीला लावला होता.

आणि मग...

दुसरं बाळ रडलं.

रुपीबाई बाहेर आली. "पोरगी झाली जी. मायलेकी सुखरूप हायेत."

"आणि दुसरं?"

"एकच हाय." ती मान वर करेना.

वामन आत गेला. सुहासिनी लेकीला कुशीत घेऊन झोपली होती. शेजारच्या बाजेवर कुणी नव्हतं. गोधडी मात्र मधोमध दबली होती, माणूस उठून गेल्यावर दबलेली राहते तशी. आणि त्या दबल्या जागेला लागून एक वीतभर खळगा. वामननं त्यात हात ठेवला. गोधडी कोमट होती. त्यानं हात उचलला. बोटांना दूध लागलं होतं.