शेवटच्या दगडापासून दीड किलोमीटर

"आणखी एक चढ आला तर मी इथेच राहणार," असं जाहीर करून स्वरूपने सायकल आडवी टाकली. स्वरूप दहा वर्षांचा होता आणि ही धमकी त्याने सकाळपासून तिसऱ्यांदा दिली होती.

"हा लास्ट आहे. वर धरण, मग फुल डाउनहिल," कौशिक म्हणाला.

"मागच्या चढालाही तू लास्टच म्हणालास," यशश्रीने भावाची बाजू घेतली. असं ती वर्षातून एखाद्या वेळीच करते.

मस्कतची ही भावंडं हिवाळ्याच्या सुट्टीत ओमानमधल्याच बरक्याला, रविकांतकाकांच्या बागेवर आली होती. रविकांतकाका बागेचे सुपरवायझर, कौशिक त्यांचा मुलगा. तिघांनी एकोणीस किलोमीटरचा फेरा आखला होता. रेल्वे येणार म्हणून सपाट केलेली, पण अजून रूळ न पडलेली लांबच लांब वाट, तिच्या टोकाला धरण, आणि परत वादीतून घरी. वादी म्हणजे पाऊस पडला तरच वाहणारी नदी.

कौशिकला फेऱ्याची हौस नव्हती, त्याला धरण बघायचं होतं. बागेच्या विहिरीला खारं पाणी लागलं होतं आणि लिंबाची झाडं पानं गाळत होती. बागेचा मालक शरीफ अर्बाब याने सांगूनच टाकलं होतं, जानेवारीअखेर पाणी गोड झालं नाही तर बाग बंद. मग बाबा एकटे दूर दुक्मच्या बंदरावर कॉन्ट्रॅक्टवर, आणि आई नि तो गुहागरला. एरवी पाऊस झाला की धरणातलं पाणी खाली सोडतात, ते वादीत मुरतं आणि विहिरी सुधारतात. यंदा पाऊस होऊन पंचवीस दिवस झाले तरी वादी ठणठणीत कोरडी होती.

"पाऊसच कमी झाला असेल," असं तो वाटभर म्हणत होता. चढ संपला आणि त्याचं बोलणंही संपलं. समोर तळं होतं! भिंतीवरची गाळाची रेघ पाण्याच्या बरीच वर होती. म्हणजे निम्मं पाणी जागच्या जागी सुकलं होतं, पण खाली काही गेलं नव्हतं.

राखणदार जहूरचाचा खाटेवर चहा पीत बसला होता. "गेट तो मैंने उसी हफ्ते खोल दिया. खलास."

"फिर पानी नीचे क्यों नहीं आया?" यशश्रीने विचारलं.

"पानी से पूछो."

"ठीक है," स्वरूप गंभीरपणे म्हणाला. "बड़े साहब आएँगे तो हम उनको भी यही बोलेंगे. पानी से पूछो."

जहूरचाचाने कप खाली ठेवला आणि आकडा लावलेला लांब बांबू उचलला.

तिघांना कठड्यामागे उभं करून तो पाणी सोडायच्या तोंडाशी गेला. जाळीवर गाळाचा थर होता आणि थराखाली काहीतरी पांढरं. आकड्याने ओढल्यावर एक फुगलेली गोणी वर आली आणि काठावर फुटली. आत वाळलेले हार, लाल कापडातला नारळ, काच तडकलेली देवाची तसबीर.

"हे निर्माल्य आहे," यशश्री म्हणाली. "आपल्याच लोकांचं. हू डज धिस?"

कौशिक गोणीच्या तोंडाकडे बघत होता. निळी पंपाची वायर, तीन वेढे, टोक आत दुमडलेलं. बागेवरची प्रत्येक गोणी अशीच बांधलेली असते.

"माहीत नाही," तो म्हणाला.

खोटं बोलताना त्याला फार वाईट वाटलं. त्याहून वाईट वाटलं ते गाळाखाली आणखी तशाच गोण्या दिसल्यावर. त्याने फोन काढला. "बाबा, पिकअप घेऊन धरणावर या. तुमच्या गोण्या आहेत."

रविकांतकाका आले, गोण्यांकडे बघितलं आणि भिंतीला टेकून खालीच बसले.

"अकरा घरांचं वर्षभराचं होतं," ते म्हणाले. "वाहत्या पाण्यात सोडायचं असतं ना रे. इथे वाहतं पाणी मिळतं कुठे? समुद्रात टाकलं तर लाटेबरोबर परत येतं, लोकांच्या पायाखाली. पाऊस पडला, गेट उघडलं, पाणी छान वाहत होतं. मीच सगळ्यांना म्हटलं, माझ्याकडे गाडी आहे, द्या इकडे."

 मग ते उठले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि जहूरचाचाबरोबर सतरा गोण्या ओढून काढल्या. शेवटची निघाली तसं पाणी घरघरत खाली पडलं. स्वरूपने आनंदाने उडी मारली, पण बरोबर कोणी मारेना म्हणून थांबला.

त्यानंतर रोज सकाळी तिघं सायकलवरून वादीत जात आणि ओल जिथवर आली असेल तिथे एक दगड ठेवत. पहिल्या दिवशी दोन किलोमीटर, मग दीड, मग अर्धा. सहाव्या दिवशी ठेवलेला दगड सातव्या दिवशी पुढे न्यावा लागला नाही. आठव्या दिवशीही नाही. धरण रिकामं झालं होतं.

शरीफ अर्बाबने विहिरीत खारेपणा मोजायचं मीटर सोडलं, आकडा वाचला आणि पुसून खिशात ठेवलं. मुलांच्या डोक्यावरून हात फिरवत तो म्हणाला, "शाबाश. इंजिनियर लोग नहीं समझे, बच्चों ने समझा."

"मग बाग राहील?" कौशिकने मराठीतच विचारलं. अर्बाबला मराठी येत नव्हती, तरी प्रश्न समजला. तो लिंबाच्या रांगेत चालत निघून गेला.

दुक्मला निघायच्या दिवशी रविकांतकाकांनी गाडी वादीशी थांबवली. कौशिक सायकलवरून मागे आला होता. काका उतरले, शेवटच्या दगडापाशी बसले आणि वाळूत हात खुपसला.

"इथपर्यंत आलं होतं?"

"हो."

"घर किती राहिलं?"

"दीड किलोमीटर."

काकांनी हाताची वाळू झटकली नाही. "मी गोण्या टाकल्या नसत्या तर पोचलं असतं."

कौशिकला नाही म्हणायचं होतं. पण तळ्यातलं किती पाणी आटून गेलं होतं ते दोघांनाही माहीत होतं, त्यामुळे तसं म्हणून उपयोग नव्हता.

"फोन केलास ते बरं केलंस," काका म्हणाले. "लपवलं असतंस तर एवढंही आलं नसतं. खूप केलंत तुम्ही पोरांनी."

गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो उभा राहिला. मग दगडाखाली बोट घालून बघितलं. तिथेही आता कोरडंच होतं.