वैशाखातली शाल

"कोणीतरी मला संपवतंय. अगदी हळूहळू."

एवढं बोलायलाही इंदिराबाईंना दम घ्यावा लागला. उन्हानं अमळनेर भाजून निघत होतं आणि या निवृत्त शिक्षिका शाल लपेटून बसल्या होत्या. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा.

जळगावच्या खासगी गुप्तहेर सारिका बडगुजर ऐकत होत्या. त्यांचा मदतनीस अमृत घर न्याहाळत होता. एवढ्या खोल्या, आणि आवाज फक्त पंख्याचा. त्याच्या जळगावच्या खोलीतही असंच होतं.

"विद्यार्थ्यांची नावं आठवत नाहीत. थायरॉइडची गोळी कित्येक वर्षं चालू आहे. डॉक्टरांनी डोस वाढवला, तरी रिपोर्ट बिघडतोच."

"गोळी कोण देतं?"

"मोनाली. घरकामाला आहे, इथंच राहते. सकाळी उपाशीपोटी हातावर ठेवते. हल्लीची गोळी जरा गोड लागते."

धुळ्याहून आलेला भाचा नवल वैतागलाच. "मी सीलबंद बाटली आणून मोनालीकडे देतो. आत्याचं वय झालंय. घर विकून तिला आमच्याकडे नेतो म्हटलं, तर ऐकत नाही."

घर! अमृतला गुन्हेगार सापडला.

मोनाली चहा घेऊन आली. कपबश्या खडखडत होत्या. पंख्याखालीही तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता, ड्रेस अंगावर लोंबत होता.

"जेवतेस ना गं?" सारिकाबाईंनी विचारलं.

"खूप जेवते," इंदिराबाई म्हणाल्या, "तरी वाळतच चाललीय."

सारिकाबाईंनी मोनालीची नाडी धरली आणि तिला खुर्चीत बसवलं.

"नवलभाऊंनीच गोळ्या बदलल्या," अमृत कुजबुजला.

"मग खऱ्या गोळ्या त्यांनी फेकल्या असत्या. त्या तर कुणाच्या तरी पोटात जाताहेत. ही गोळी म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीचाच रस; तो शरीराची गती ठरवतो, मेंदूचीसुद्धा. कमी पडला की थंडी, सूज, विसर. जास्त झाला की घाम, थरथर, धडधड; कितीही खा, माणूस वाळतो. या घरात एकीला कमी पडतोय, दुसरीला जास्त झालाय. औषधाची गोळी गोड नसते. चहात साखरेऐवजी टाकायची छोटी गोळी गोड असते. आणि बाटली उघडते फक्त मोनाली."

मोनालीला रडू फुटलं. "सोयरीक जमे ना, अक्का. बठ्ठा माले जाडी म्हनेत. मोबाइलवर दखं, ह्या गोयीघाई मानूस बारीक होस. तुमना जीववर येई, हाई माले माहीत नव्हतं."

"बारीक व्हायला घेतलेल्या गोळ्या तुझ्याही जिवावर आल्या होत्या," सारिकाबाई म्हणाल्या. "दोघींना आत्ता दवाखान्यात न्यायचं."

नवलनं पोलिसांसाठी फोन काढला. इंदिराबाईंनी तो खाली ठेवायला लावला.

"मला विचारायचं होतंस गं," त्या मोनालीला एवढंच म्हणाल्या.

बरी झाल्यावर मोनालीला तिच्या भावानं साक्रीला नेलं. पावसाळा सरता सरता इंदिराबाईंचा फोन आला. आवाज खणखणीत होता.

"सारिका, सगळी नावं आठवतात आता. डोकं स्वच्छ झालंय. पण घर किती रिकामं आहे, तेही स्वच्छ कळतं."

सारिकाबाईंनी फोन स्पीकरवर ठेवला होता. अमृतनं फोन मागून घेतला.

"अक्का, रविवारी जेवायला येऊ का?"



"शनिवारीच ये," इंदिराबाई म्हणाल्या.