गरजेचा तळ

चंद्रपुरात आता कूलर कोणी आपल्या हाताने लावत नसे. कुणाला किती वीज खरोखर लागते हे ‘जाणता’ ठरवी. जाणता म्हणजे राष्ट्रीय ऊर्जा-बचत मंडळाने घरोघरी बसवलेला मीटर. खोलीतल्या जिवंत अंगांची ऊब ओळखून तो माणसं मोजी, जिवंत कोणी नसलं की वीज तोडी. घर कमीत कमी किती विजेवर सुखरूप राहिलं ते लक्षात ठेवी आणि पुढे तेवढीच देई. याला मंडळात ‘गरजेचा तळ’ म्हणत. देशाचा डोंगराएवढा कोळसा वाचला होता, हे खोटं कशाला म्हणा!

मंडळाच्या शास्त्रज्ञ डॉ. निरुपमा आसुटकर सुलोचनाबाई वाढईंच्या दारावर पाच ताऱ्यांची पाटी लावायला आल्या होत्या. चैत्रातल्या बचत पंधरवड्यात सुलोचनाबाई कॉलनीत पहिल्या आल्या होत्या. नवरा वामनराव अर्धांगवायूने खाटेला खिळलेले, तरी बाईंनी कूलर बंदच ठेवला. ओल्या चादरी टाकल्या, रात्रंदिवस हातपंख्याने वारा घातला. कॉलनीत मिरवायचं होतं ना!

आता नवतपा लागला होता, उन्हाळ्यातले सगळ्यात जहाल नऊ दिवस.

“पाटी ठेवा तिकडं,” बाई कडाडल्या. “कूलर काहून बंद हाय जी? माहा माणूस भाजून राह्यला ना!”

“पंधरवडाभर तुम्ही त्याच्याशिवाय काढलात. या घराला कूलर लागत नाही, असं जाणता शिकला.”

“अन् वारा कोण घातला? माहे हात नाही मोजले त्यानं?”

“तो फक्त वीज मोजतो.”

बाईंनी प्लास्टरातला हात पुढे केला. “हा मोडला. सांगा त्याले.”

“सांगून चालत नाही.” निरुपमाताईंनी मान खाली घातली. “घरातलं कोणी दगावलं, तरच उरलेल्यांना तो वाढवून देतो. नियम मीच लिहिला. तक्रारी खोट्या असतात, मरण खोटं नसतं, असं वाटलं मला.”

“मंग मले मेली लिवा.”

“भलतंच काय बोलता!”

“पेन्शन, दवाई, सारं यांच्या नावानं येते. माह्या नावानं काय येते? लिवा म्हणते ना!”

आत वामनरावांना धाप लागली होती. दोघी ओसरीत आल्या. निरुपमाताईंनी जाणत्यात बाईंच्या मरणाची नोंद केली. कूलर घरघरला. बाई रडत आत धावल्या आणि नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवून बसल्या.

कूलर थांबला.

“एकाच माणसाची वीज आहे आता,” निरुपमाताई दारातून म्हणाल्या. “दुसरं अंग दिसलं की चोरी समजून बंद करतो. बाहेर या, बाई.”

त्या बाहेर आल्या. कूलर चालू झाला.

मग सुलोचनाबाई ओसरीतच राहू लागल्या, तापल्या पत्र्याखाली. पाणी पाजायला जात आणि लगेच बाहेर पळत. आतून वामनराव जड जिभेने हाका मारत, “सुले, बस ना जवळ.” बाईंनी दारातून परोपरीने समजावलं, पण त्यांच्या डोक्यात ते शिरेना. शेवटी ते रुसले आणि हाक मारायचे थांबले. बाईंना गलबलून येई. कूलर चालू आहे तोवर माणूस सुखात आहे, एवढाच काय तो दिलासा.

एका दुपारी त्या ओसरीत बसल्या होत्या. आत दुसरं कोणी गेलं नव्हतं. तरी कूलर थांबला.